फॉलोअर्सशी जिव्हाळ्याचे नाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोशल मीडियावर लिहिणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या, शिकवणाऱ्या किंवा एखाद्या छोट्या संस्थेचे खाते सांभाळणाऱ्या लोकांकडून जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. फॉलोअर्सची संख्या वाढवण्याच्या युक्त्या येथे सापडणार नाहीत. जी माणसे आधीपासून सोबत आहेत त्यांच्याशी कसे वागावे, एवढाच विषय आहे. प्रश्न क्रमानेच वाचायला हवेत असे नाही; एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे तसे नमूद केले आहे.

१. कोणी मला फॉलो करते म्हणजे आमचे नाते जुळले, असे म्हणता येईल का?

अजून नाही. फॉलो करण्यासाठी एक बटण दाबावे लागते आणि त्यातून समोरच्याने एवढेच कळवलेले असते की सध्या तुमचे म्हणणे ऐकायची त्याची तयारी आहे. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल या अभ्यासकांनी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या निवेदकांविषयी प्रेक्षकांना वाटणाऱ्या एकतर्फी जवळिकीला 'पॅरासोशल' असे नाव दिले. प्रेक्षक निवेदकाचा आवाज, सवयी, आवडीनिवडी ओळखतो. निवेदकाला मात्र तो प्रेक्षक अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते. सोशल मीडियावरची बहुतेक जवळीक याच जातीची असते आणि त्यात गैर काही नाही. फरक असा की येथे प्रेक्षकाला बोलता येते आणि तुम्हाला त्याला उत्तर देता येते. त्या जुन्या निवेदकाला ही सोय नव्हती. ओळख दोन्ही बाजूंनी थोडीतरी व्हायला लागते तेव्हाच नाते सुरू होते, आणि म्हणून पोस्ट टाकल्यानंतरच्या तासाभरात तुम्ही काय करता याला मी पोस्टइतकेच महत्त्व देते.

२. माझे जेमतेम दोनशे फॉलोअर्स आहेत. या सगळ्याचा विचार खाते मोठे झाल्यावर केला तर चालणार नाही का?

खरे तर उलट आहे. नाते जोडण्यासाठी याहून सोयीचा काळ पुन्हा येणार नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकात असे मांडले की माणसाला साधारण १५० लोकांशी स्थिर, परस्पर ओळखीचे संबंध टिकवता येतात, आणि त्यातही अगदी जवळचे पाचेक आणि बऱ्यापैकी जवळचे पंधराएक असतात. या आकड्याच्या नेमकेपणाविषयी अभ्यासकांत वाद आहेत, पण मर्यादा असते हे प्रत्येकाने अनुभवलेले आहे. दोनशे फॉलोअर्स असणारा माणूस त्यांतल्या बहुतेक नियमित बोलणाऱ्यांना नावाने ओळखू शकतो. दोन लाख असणाऱ्याला ते कितीही इच्छा असली तरी जमत नाही. कोण शिक्षक आहे, कोणाची परीक्षा जवळ आली आहे, कोण नुकते चित्रे काढायला लागले आहे, अशा साध्या गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात. आजार, कर्ज, घरातली भांडणे अशा नाजूक गोष्टी मात्र कोणी विश्वासाने सांगितल्या तरी टिपू नयेत.

३. मी नियमित पोस्ट टाकते, लोक पाहतात असे आकडे सांगतात, पण कोणी बोलतच नाही. माझे काय चुकते?

कदाचित काहीच चुकत नसेल. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांविषयी एक ढोबळ नियम मांडला: शंभरांतले नव्वद जण नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून बोलतात आणि एक जण सतत बोलतो. प्रमाण जागेनुसार बदलते, परंतु बोलणारे नेहमीच थोडे असतात हे गृहीत धरूनच अपेक्षा ठेवाव्यात.

त्यानंतर स्वतःच्या प्रश्नांकडे पाहावे. 'तुम्हाला काय वाटते?' या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी वाचकाला आधी मत तयार करावे लागते, मग ते मांडावे लागते आणि शिवाय चारचौघांत चुकण्याची भीतीही वाटते. समजा तुम्ही चित्रकला शिकवता. 'सराव का महत्त्वाचा आहे?' असे विचारल्यास चार आदर्श उत्तरे येतील आणि संवाद तेथेच थांबेल. 'बिघडलेले चित्र तुम्ही पुन्हा हाती घेता, की नवा कागद काढता?' असे विचारल्यास प्रत्येकाकडे स्वतःचे उत्तर असते, ते एका ओळीत देता येते आणि त्यामागे बहुधा एखादी हकिगतही असते. पहिले उत्तर तुम्ही स्वतः, प्रामाणिकपणे, पोस्टमध्येच द्यावे म्हणजे इतरांचा संकोच कमी होतो.

'सहमत असाल तर लाइक करा', 'तीन मित्रांना टॅग करा' अशी प्रतिसादाची भीक मागू नये. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच अशा पोस्ट मागे ढकलण्याचे धोरण जाहीर केले होते. धोरण नसते तरी माझे म्हणणे हेच राहिले असते, कारण अशाने बोटे हलतात, ओळख होत नाही.

४. प्रत्येक कमेंटला उत्तर द्यायलाच हवे का?

शक्य असेल तोपर्यंत द्यावे, पण प्रत्येक कमेंटला सारखेच उत्तर देऊ नये. पन्नास जणांना 'धन्यवाद' आणि हात जोडलेली खूण पाठवणे हे पोच देण्यासारखे आहे. ते वाईट नाही, पण त्यातून समोरच्याला आपले म्हणणे वाचले गेले असे वाटत नाही. वाचल्याचा पुरावा तपशिलात असतो. कोणी लिहिले, 'हे वाचून आजोबांची आठवण झाली', तर 'खूप छान' म्हणण्यापेक्षा 'कोणत्या भागात आठवण झाली?' एवढे विचारावे. त्या एका प्रश्नाने ती व्यक्ती पुन्हा येते, आणखी दोन ओळी लिहिते, आणि त्या वाचून तिसरा कोणी आपली गोष्ट सांगतो.

कमेंटचे उत्तर एकट्यालाच जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे. लाजाळू वाचक तुमची उत्तरे वाचूनच ठरवत असतात की येथे बोलणे सुरक्षित आहे की नाही. एखाद्या बाळबोध प्रश्नाला तुम्ही धीराने उत्तर दिलेत तर तसेच प्रश्न मनात असलेले दहा जण निश्चिंत होतात. तोच प्रश्न तुम्ही चिडून उडवून लावलात तर ते दहाही जण गप्प होतात आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. वेळ कमी असेल तेव्हा पहिल्यांदाच बोलणाऱ्याला प्राधान्य द्यावे. जुना परिचित समजून घेतो, नवखा मात्र उत्तर न मिळाल्यास सहसा पुन्हा लिहीत नाही.

उत्तराची गरज नसलेल्या कमेंटही असतात: नुसती चिन्हे, एका शब्दाची दाद. यूट्यूबवर निर्मात्याला कमेंटला हृदयाची खूण देता येते आणि बहुतेक ठिकाणी कमेंट लाइक करता येते. अशा वेळी तेवढे पुरे.

५. आता फॉलोअर्स वाढले आहेत आणि सगळ्यांना उत्तर देणे अशक्य झाले आहे. काय करावे?

अशक्य झाले आहे हे उघडपणे सांगावे. 'मी सगळ्या कमेंट वाचते, पण उत्तर फक्त रविवारी देऊ शकते' असे वाक्य परिचयात लिहिले, की उत्तर न मिळालेल्या माणसाला आपला अपमान झाला असे वाटत नाही. अट एकच: जे लिहाल ते पाळावे. वाचत नसाल तर वाचते असे लिहू नये.

वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एका पोस्टमध्ये एकत्र करून ती वर पिन करावी. आठवड्यातून एकदा काही कमेंट निवडून, विचारणाऱ्याच्या परवानगीने, त्यांवर स्वतंत्र पोस्ट किंवा लाइव्ह करावे. उत्तरे देण्यासाठी सहायक ठेवला असेल तर त्याने स्वतःच्या नावाने किंवा आद्याक्षराने उत्तर द्यावे. आपोआप जाणारा संदेश असेल तर तो आपोआप जातो आहे, हे त्यातच लिहावे. आपण ज्याला मनातले सांगितले तो माणूस नव्हताच, हे नंतर कळण्याइतके दुखावणारे या व्यवहारात फार थोडे असते.

६. काही जण वर्षानुवर्षे वाचतात, पण कधी लाइकसुद्धा करत नाहीत. त्यांना बोलते कसे करावे?

त्यांना बोलते करण्याचा अट्टहास सोडावा. कोणाचे वरिष्ठ तुमच्याच फॉलोअर्समध्ये असतात, कोणाला लिहिण्याची सवय नसते, कोणाला नुसते वाचायला आवडते. शांत वाचक हा अपुरा फॉलोअर नव्हे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले होते की नोकरीसारख्या गोष्टींची नवी माहिती माणसाला पुष्कळदा जिवलगांकडून न मिळता दुरून ओळखणाऱ्यांकडून मिळते. तसेच येथेही घडते, आणि कधीही न बोललेला वाचकच तुमचे काम एखाद्या अनोळखी वर्तुळात पोचवतो. अशांसाठी पोल, निनावी प्रश्नपेटी किंवा खासगी संदेश असे आडवाटेचे मार्ग मोकळे ठेवावेत. चित्रांना वर्णनाचा मजकूर आणि व्हिडिओंना उपशीर्षके द्यावीत; काही जण गप्प वाटतात, पण खरे कारण असे असते की तुमचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

७. फॉलोअर्स विकत घेतले, किंवा 'तू मला फॉलो कर, मी तुला करतो' असे केले तर सुरुवातीला मदत होते का?

होत नाही. विकत घेतलेली खाती वाचत नाहीत, आणि देवाणघेवाणीतून आलेली माणसे तुमच्या विषयासाठी आलेली नसतात. इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०१८ मध्ये अशा कृत्रिम लाइक, फॉलो आणि कमेंट काढून टाकण्यास सुरुवात केल्याचे जाहीर केले होते. त्याहून मोठे नुकसान असे की आपले खरे वाचक किती, हे तुमचे तुम्हालाच कळेनासे होते.

८. मग कोणते आकडे पाहावेत?

आकडे पाहावेत, पण त्यांच्यासाठी लिहू नये. फेसबुकचे उदाहरण मला येथे फार बोलके वाटते. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केले की यापुढे फीडमध्ये माणसामाणसांतल्या अर्थपूर्ण संवादाला महत्त्व दिले जाईल. हेतू योग्य होता. परंतु अर्थपूर्णता मोजता येत नाही, म्हणून कमेंट, शेअर आणि भावना दर्शवणारी चिन्हे मोजली गेली. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून दिसले की काही काळ रागाच्या चिन्हासह या चिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन होते, आणि लोकांना भडकवणारा मजकूर त्यामुळे वर येत असल्याचे इशारे कंपनीतूनच दिले गेले होते. रागाच्या चिन्हाचे वजन २०२० मध्ये शून्यावर आणण्यात आले. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे साधले नाही, ते आपल्या खात्याच्या आलेखाने साधेल अशी आशा धरू नये.

माझ्यापुरते सांगायचे तर मी दर महिन्याला तीन गोष्टी पाहते: पुन्हा परतून बोलणारी नावे किती, माझ्याशिवाय फॉलोअर्स एकमेकांशी बोलले असे किती वेळा घडले, आणि कोणी लांबलचक खासगी संदेश पाठवला का. तीनही हाताने मोजाव्या लागतात. त्यासाठी कमेंट वाचाव्याच लागतात, आणि मला हीच त्या पद्धतीची जमेची बाजू वाटते.

९. स्वतःच्या आयुष्यातले किती सांगावे? काहीच सांगितले नाही तर खाते कोरडे वाटते.

माणूस थोडे उघड करतो, समोरचा थोडे उघड करतो आणि विश्वास वाढतो, हे खरे आहे. मात्र समोरासमोर बोलताना हे टप्प्याटप्प्याने घडते आणि पोस्टमध्ये ते हजारो अनोळखी माणसांपुढे एकदम घडते. म्हणून मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. पहिला, ही गोष्ट मला अजून रडवते का? जखम ओली असेल तर ती मित्राला सांगावी, कारण फॉलोअर्सच्या सांत्वनावर आपण त्या दिवशी अवलंबून राहतो आणि एखादी निष्ठुर कमेंटही सहन होत नाही. दुसरा, ही गोष्ट फक्त माझी आहे का? जोडीदाराचा आजार, मित्राचा घटस्फोट, मुलाचे गुण यांची मालकी आपली नसते. प्रौढ माणसाची परवानगी घ्यावी. लहान मुलाला परवानगीचा अर्थच कळत नसल्यामुळे त्याच्याबाबतीत हात आखडता घ्यावा.

खाते कोरडे वाटते ते बहुतेक वेळा खासगी तपशिलांच्या अभावी नसते. कामातली धडपड, फसलेला प्रयत्न, बदललेले मत सांगितले तरी लिहिणारा माणूस दिसतो.

१०. मी संस्थेचे खाते चालवतो. 'मी' म्हणावे की 'आम्ही'?

संस्थेची भूमिका मांडताना 'आम्ही', आणि कमेंटला उत्तर देताना शक्यतो आपले नाव लिहून 'मी'. लोगोशी कोणी मनमोकळे बोलत नाही. खाते दुसऱ्याच्या हाती देताना फॉलोअर्सना तसे कळवावे.

११. टीका आणि ट्रोलिंग यांतला फरक कसा ओळखावा, आणि कमेंट काढून टाकावी का?

टीका कामाबद्दल असते, तिच्यात काहीतरी तपासता येण्याजोगे असते आणि उत्तर मिळाल्यावर ती पुढे सरकते. ट्रोलिंग व्यक्तीबद्दल असते आणि प्रत्येक उत्तरागणिक विषय बदलते. भाषा हा मात्र खात्रीचा निकष नव्हे. अत्यंत उद्धट शब्दांत बरोबर मुद्दा मांडणारे असतात आणि गोड शब्दांत हीन वागणारेही असतात. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये वर्णन केल्याप्रमाणे चेहरा न दिसणे, नाव झाकलेले असणे आणि उत्तर लगेच न येणे यांमुळे एरवी सभ्य असणारी माणसेही ऑनलाइन सैल सुटतात. यामुळेच पहिल्या तिखट कमेंटला, ती फक्त तिखट असेल तर, मी एकदा शांतपणे उत्तर देते. अनपेक्षित प्रमाणात माणसे ओशाळतात आणि नीट बोलू लागतात.

दुसऱ्यांदा तेच झाले तर वाद घालू नये. इन्स्टाग्रामवर २०१९ पासून खाते मर्यादित करण्याची सोय आहे. त्यानंतर त्या व्यक्तीच्या कमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय इतरांना दिसत नाहीत. जात, धर्म, लिंग, शरीर यांवरून केलेला अपमान, धमकी आणि कोणाचा पत्ता किंवा फोन क्रमांक उघड करणे यांना दुसरी संधी देऊ नये. पुराव्यासाठी स्क्रीनशॉट घ्यावा, तक्रार नोंदवावी, कमेंट काढावी आणि ब्लॉक करावे. अपमान फॉलोअरचा झाला असेल तर अधिकच तत्परता हवी, कारण ती व्यक्ती तुमच्याकडे आलेली असताना हे घडले आहे. नुसती न पटणारी टीका मात्र काढू नये. स्वतःचीच चूक निघाली असेल तर पुढचे उत्तर पाहा.

१२. पोस्टमध्ये चूक झाली आणि ती शेकडो लोकांनी शेअर केली. पोस्ट काढू की दुरुस्त करू?

चुकीमुळे कोणाला इजा होऊ शकत असेल, उदाहरणार्थ औषधाचे प्रमाण चुकले असेल किंवा निरपराध माणसावर आरोप झाला असेल, तर पोस्ट ताबडतोब काढावी आणि का काढली हे वेगळ्या पोस्टमध्ये सांगावे. इतर चुकांसाठी मूळ पोस्ट ठेवून वरच दुरुस्ती लिहावी आणि काय बदलले ते स्पष्ट करावे. गुपचूप बदल केल्यास जुन्या कमेंट निरर्थक ठरतात आणि चूक दाखवून देणारा वेडा दिसतो. त्याचे तर नाव घेऊन आभार मानायला हवेत. माफी मागताना 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे शब्द टाळावेत. दुखावल्या आहेत, म्हणून तर माफी मागायची आहे.

१३. पैसे घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस केली तर फॉलोअर्सचा विश्वास जातो का?

पैसे घेतल्याने जात नाही, लपवल्याने जातो. मजकुराच्या सुरुवातीलाच, लोकांना कळेल अशा शब्दांत, ही जाहिरात आहे असे लिहावे; अनेक देशांत ते कायद्याने किंवा नियमांनी बंधनकारकही आहे. वस्तू फुकट मिळाली असेल तरी हेच लागू होते. ज्या वस्तूविषयी जवळच्या मित्राला सांगताना आपण अडखळलो असतो, ती नाकारावी.

१४. उद्या हे खाते किंवा हे व्यासपीठच बंद पडले तर ही सारी नाती संपतील का?

तयारी केली नसेल तर बरीचशी संपतील. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले. व्हाइन हे छोट्या व्हिडिओंचे व्यासपीठ त्याआधीच गेले होते. व्यासपीठ चालू असतानाही नियम बदलतात: इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट काळाच्या क्रमाने दाखवणे सोडण्याचा निर्णय घेतला आणि फॉलो करणाऱ्यालाही तुमची पोस्ट दिसेलच याची खात्री उरली नाही. ज्यांना हवे असेल त्यांचे ईमेल पत्ते, त्यांच्या संमतीने, आजच घेऊन ठेवावेत आणि महिन्यातून एखादे पत्र पाठवावे.

१५. एक फॉलोअर रोज खासगी संदेश पाठवतो आणि उत्तर नाही दिले तर रागावतो. मला त्याला दुखवायचे नाही.

त्याला तुमची जेवढी ओळख आहे तेवढी तुम्हाला त्याची नाही, हे तो बहुधा विसरला आहे. पहिल्या उत्तरातली एकतर्फी जवळीक हीच. दोष त्याचा एकट्याचा असेलच असे नाही. 'तुम्ही सगळे माझे कुटुंब आहात' असे आपण सहज म्हणतो आणि एखादा ते खरे मानतो. मी हे वाक्य वापरत नाही.

एकदाच, स्पष्ट आणि सौम्य शब्दांत सांगावे: 'तुमचे संदेश मी वाचले. मला खासगीत रोज बोलणे शक्य नाही. पोस्टखाली जरूर लिहा, तेथे मी उत्तर देईन.' कारणांची यादी देऊ नये, कारण प्रत्येक कारणावर तोडगा सुचवला जातो. त्यानंतरही संदेश येत राहिले तर म्यूट करावे. पाठलाग, धमकी किंवा घराचा पत्ता शोधण्याचा प्रयत्न दिसला तर ब्लॉक करून पोलिसांकडे जावे. फॉलोअर अल्पवयीन असेल तर खासगी संभाषण वाढवूच नये. बहुतेक व्यासपीठांनी किमान वय १३ ठेवले आहे. म्हणजे तेरा-चौदा वर्षांची मुले तेथे रीतसर असतात, आणि जे बोलायचे ते सर्वांसमोर बोलणे दोघांच्याही हिताचे असते.

१६. एका फॉलोअरने 'आता जगायचे नाही' असा संदेश पाठवला. मी डॉक्टर नाही. काय करावे?

अतिशयोक्ती आहे असे मानून दुर्लक्ष करू नये. 'आत्महत्येचे विचार येत आहेत का?' असे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. आत्ता सोबत कोणी आहे का, आहे ते ठिकाण सुरक्षित आहे का, हे विचारावे. ती व्यक्ती ज्या देशात आहे तेथील हेल्पलाइनचा क्रमांक शोधून द्यावा आणि जवळच्या एका माणसाला सांगण्यास सुचवावे. धोका तातडीचा वाटला आणि ठावठिकाणा माहीत असेल तर आपत्कालीन सेवेला कळवावे. मोठ्या व्यासपीठांवर अशा पोस्टची नोंद करण्याची खास सोय असते, तीही वापरावी. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये आणि हा संदेश कितीही चांगल्या हेतूने पोस्टचा विषय करू नये. दुसऱ्या दिवशी चौकशीचा एक संदेश जरूर पाठवावा. उपचाराची जबाबदारी तुमची नाही, आणि रात्रभर एकट्याने ती पेलण्याचा प्रयत्नही करू नये. स्वतःच्या विश्वासातल्या कोणाशी तरी बोलावे.

१७. अनेक वर्षे बोलणारी एक फॉलोअर वारली, असे तिच्या नातेवाइकांनी कळवले. तिच्या जुन्या कमेंटचे काय करू? सर्वांना सांगू का?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अधिक वेळा येतो. आधी नातेवाइकांना उत्तर लिहावे आणि त्यात तिच्याविषयी तुम्हाला आठवणारी एखादी नेमकी गोष्ट सांगावी. तिच्या आयुष्याचा हा भाग घरच्यांना ठाऊक नसण्याचा संभव असतो. सर्वांना सांगण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी आणि मृत्यूचे कारण, त्यांनी सांगितले असले तरी, लिहू नये. तिच्याशी बोलणारे इतर फॉलोअर्स असतील तर त्यांना पोस्टमधून अचानक कळण्यापेक्षा आधी खासगीत कळवावे. कमेंट तशाच राहू द्याव्यात. घरच्यांनी मागितल्या तर त्यांच्या प्रती काढून द्याव्यात. फेसबुकवर कुटुंबीयांना खाते स्मृतिखाते म्हणून ठेवण्याची विनंती करता येते, आणि मग तिच्या वाढदिवसाची आठवण करून देणारी सूचना इतरांना जात नाही. हे त्यांना माहीत नसेल तर सांगावे, पण पहिल्याच संदेशात नव्हे.